गिरणगावातून आलेला आकडा

१९२८ हे साल मुंबईच्या कामगारांच्या लक्षात राहिलं ते संपासाठी. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांची धुरांडी थंड होती आणि दीड लाखाच्या आसपास माणसं कामाविना बसून होती. त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात दुसरा एक वाद रंगला होता. गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती आणि त्या काळापुरता भत्ता द्यायचा की नाही? जुलैत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाच्या बाजूने भाषण केलं आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला.

त्याच १९२८ मध्ये लूसी विल्स ही चाळीस वर्षांची ब्रिटिश डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये येऊन दाखल झाली. तिचा कायद्याशी संबंध नव्हता, पण तिच्यासमोरचा प्रश्न त्याच बायकांचा होता. या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक का पडतात, आणि त्यातल्या कित्येक बाळंतपणात का दगावतात?

आज औषधाच्या बाटलीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, मुलांच्या दूधपावडरीच्या डब्यावर जीवनसत्त्वांपुढे टक्के छापलेले असतात. दैनंदिन गरजेच्या अमुक टक्के. ही दैनंदिन गरज कोणी मोजली, कशी मोजली, हे आपण विचारत नाही. फोलेट या एका जीवनसत्त्वापुरतं विचारायचं ठरवलं, तर माग काढत काढत आपण परळलाच पोहोचतो.

हाफकिन इन्स्टिट्यूटची इमारत म्हणजे एके काळचं गव्हर्नरचं निवासस्थान. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन यांनी त्यावर लस काढली आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या वाड्यात आली. १९२५ पासून संस्थेला त्यांचंच नाव आहे. विल्सबाई आल्या तेव्हा इथे इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या वतीने मातामृत्यूंची चौकशी चालू होती. सूत्रं डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्याकडे होती. हिंदुस्थानातल्या बायकांच्या दवाखान्यांत आयुष्य काढलेल्या या डॉक्टरीणबाईंनीच विल्सना बोलावून घेतलं होतं.

विल्सबाई मूळच्या वनस्पतिशास्त्राच्या आणि भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थिनी. केंब्रिजमध्ये शिकल्या, मग वैद्यकाकडे वळल्या, आणि १९२० साली डॉक्टर होऊन रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत लागल्या. रोग्याच्या उशाशी बसण्यापेक्षा काचपट्टीवरचं रक्त वाचण्यात त्यांचा हात बसलेला होता. मुंबईत नेमकं तेच हवं होतं.

कारण या बायकांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली विचित्र दिसत होतं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात, हे तेव्हा माहीत होतं. इथे उलट होतं. पेशी संख्येने अगदी थोड्या, पण एकेक पेशी नेहमीपेक्षा मोठी. हाडांच्या मज्जेत पेशी नीट विभागल्या जात नव्हत्या, अर्धवट वाढलेल्या अवस्थेतच अडकत होत्या. पर्निशस ॲनिमिया या जीवघेण्या आजारात अगदी असंच चित्र दिसतं. त्या आजारावर १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी रोज भरपूर यकृत खायला घालून उतारा शोधला होता. पण मुंबईच्या बायकांचा आजार तोही नव्हता. बाई बाळंतपणातून वाचली तर पुढे हा रक्तक्षय हळूहळू निघून जाई.

विल्सबाईंनी जे केलं ते आजही कोणत्याही पोषणशास्त्रज्ञाने आधी करावं असं आहे. त्यांनी ताट पाहिलं. डॉ. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या राहणीची आणि खाण्याची पाहणी केली. वस्ती कशी, घरात उजेड किती, चुलीवर काय शिजतं, त्यातलं बाईच्या वाट्याला काय येतं. ज्या घरांत खाणं सगळ्यात निकृष्ट, त्याच घरांतल्या गरोदर बायकांना हा रक्तक्षय सगळ्यात जास्त होत होता, आणि त्यात गरीब मुसलमान घरांतल्या बायकांची स्थिती सर्वांत वाईट होती. रोगाचं मूळ ताटात आहे हे या पाहणीने जवळपास सांगून टाकलं. ताटात नक्की काय नाही, ते मात्र सांगितलं नाही.

१९२९ च्या उन्हाळ्यात त्या निलगिरीत कुन्नूरला गेल्या. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट मॅकॅरिसन हिंदुस्थानी आहारावर संशोधन करत होते. तिथे विल्सबाईंनी पांढऱ्या उंदरांना मुंबईच्या या बायकांचाच आहार घातला. गाभण उंदरिणी रक्तहीन झाल्या आणि पिल्लं होण्याआधीच मेल्या. खाण्यात यीस्ट मिसळलं तेव्हा त्या वाचल्या. पुढे हाच प्रयोग माकडांवर करून पाहिला आणि तोच निष्कर्ष आला.

मग प्रश्न आला स्वस्ताईचा. यकृताचा अर्क महाग, आणि यीस्ट तर रोजच्या रोज चमचाभर गिळायला कोणाला आवडणार? इंग्लंडात दारूच्या भट्टीत उरलेल्या यीस्टपासून मार्माइट नावाचा काळा, खारट लगदा बनवत आणि पावाला लावून खात. यीस्टच्या अर्काचा तो सर्वांत स्वस्त प्रकार होता. विल्सबाईंनी तो मुंबईच्या वॉर्डातल्या बायकांना द्यायला सुरुवात केली. ज्यांना अन्न बघवत नव्हतं त्या बायका काही दिवसांतच जेवण मागू लागल्या. रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी एकाएकी दिसू लागल्या. मज्जा पुन्हा कामाला लागल्याची ती खूण होती. १९३१ च्या जूनमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा अहवाल छापून आला आणि जगाने त्याची दखल घेतली.

वॉर्डात पडून असलेल्या त्या बायकांची नावं आपल्यापर्यंत आलेली नाहीत. विल्सबाईंचं नाव आलं, मार्माइटचं आलं. मला हे खटकतं. आज जगातल्या कोट्यवधी गरोदर बायका जी गोळी घेतात तिची पहिली परीक्षा ज्यांच्या अंगावर झाली, त्यांना पुस्तकात ‘मुंबईतल्या गरीब स्त्रिया’ यापलीकडे जागा नाही.

यीस्टमध्ये नेमकं काय होतं हे विल्सबाईंना माहीत नव्हतं. ते जीवनसत्त्व ‘अ’ किंवा ‘क’ नाही, एवढं त्यांनी दाखवलं. पुढे लंडनमध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. पर्निशस ॲनिमियावर रामबाण ठरलेला शुद्ध केलेला यकृतअर्क या उष्ण कटिबंधातल्या रक्तक्षयावर चालत नाही, कच्चा अर्क मात्र चालतो. म्हणजे यकृतात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि शुद्ध करताना त्यातली एक फेकली जात होती. त्या फेकल्या जाणाऱ्या गोष्टीला लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१ साली टेक्सासमध्ये काही टन पालक उकळून, गाळून एक पदार्थ वेगळा काढला गेला, तेव्हा त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. ‘विल्स फॅक्टर’ तो हाच, आणि फोलेट म्हणतात तेही हेच. १९४५ मध्ये अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत, आंध्रातून तिकडे गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या गटाने ते कृत्रिमरीत्या तयार केलं. यकृतात उरलेली दुसरी गोष्ट म्हणजे बी-१२. ती १९४८ साली हाती लागली.

आता पुढचा प्रश्न उरला. किती लागतं?

‘माणसाला किती लागतं’ याचा अधिकृत तक्ता करायची निकड युद्धाने आणली. १९४१ साली अमेरिकेने सैन्य आणि जनता दोघांसाठी पहिल्या शिफारशी जाहीर केल्या. त्यात लोह होतं, कॅल्शियम होतं, ‘अ’, ‘क’, ‘ड’ आणि ‘ब’ गटातली मोजकी जीवनसत्त्वं होती. फोलेट नव्हतं, कारण पालकातून ते नुकतंच बाहेर येत होतं. इकडे १९४४ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या पोषण सल्लागार समितीने हिंदुस्थानी माणसासाठी पहिला तक्ता केला. हीच असोसिएशन १९४९ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद झाली. कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेची धुरा पुढे व्ही. एन. पटवर्धन यांनी सांभाळली आणि १९५८ मध्ये ती प्रयोगशाळा हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. शिफारशींचे तक्ते आजही तिथूनच निघतात.

फोलेट किती लागतं हे शोधायला १९६१ साली व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरने स्वतःचंच शरीर वापरलं. त्यांनी प्रत्येक अन्नपदार्थ तीनदा उकळून, दर वेळी पाणी फेकून खाल्ला. दिवसाला जेमतेम ५ मायक्रोग्रॅम फोलेट पोटात जाईल अशी व्यवस्था केली. तिसऱ्या आठवड्यात रक्तद्रवातलं फोलेट घसरलं. सातव्या आठवड्यात पांढऱ्या पेशींचं केंद्रक बिघडलं. चौथ्या महिन्यात झोप उडाली, विसरायला होऊ लागलं, चिडचिड वाढली. आणि एकोणिसाव्या आठवड्यात त्यांच्या मज्जेत तेच चित्र उमटलं जे विल्सबाईंनी परळला पाहिलं होतं. ही पायरीवार घसरण मोजून ठेवल्यामुळे पुढे किती मात्रेने ती थांबते हे पाहता आलं. प्रौढ माणसाची किमान गरज साधारण ५० मायक्रोग्रॅम, असं त्यांनी मांडलं.

तीनदा उकळून पाणी फेकणं ही गोष्ट आपल्याकडे प्रयोगशाळेपुरती नाही. आमच्या बदलापुरात पावसाळा लागला की आसपासच्या पाड्यांवरून ठाकूर-कातकरी बायका रानभाज्या घेऊन स्टेशनबाहेर बसतात. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं. इथल्या शिरगावातल्या घरांत भारंगी कडू म्हणून उकळून पिळून घेतात, शेवळं खाजरी म्हणून चिंच किंवा काकडं घालून शिजवतात. शेवळाला तसं करावंच लागतं, नाहीतर घसा धरतो. पण कोवळा टाकळा, माठ, पालक, चवळई यांचंही पाणी सवयीने मोरीत ओतलं जातं. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने मोडतं. ते पाणी आमटीत घातलं तर त्यातलं बरंचसं पोटात जाईल. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी, हा जुन्या आयांचा धडा शास्त्राला धरूनच होता.

हर्बर्ट यांनी काढलेली किमान गरज ५०. मग १९६८ साली अमेरिकेने फोलेट पहिल्यांदा तक्त्यात घेतलं तेव्हा आकडा ४०० कसा लिहिला? इथेच या विद्येची खरी मेख आहे. किमान गरज म्हणजे ज्याखाली गेलं की आजार होतो ती रेषा. शिफारस त्या रेषेवर करत नाहीत. अन्नातलं सगळं फोलेट आतड्यातून शोषलं जात नाही, म्हणून वाढवावं लागतं. यकृतात थोडा साठा राहावा, म्हणून वाढवावं लागतं. आणि माणसामाणसात फरक असतो, म्हणूनही वाढवावं लागतं.

हा शेवटचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समजा निरोगी माणसांच्या मोठ्या गटात प्रत्येकाची गरज मोजली. कोणाची कमी, कोणाची जास्त, बहुतेकांची मध्ये. मधला आकडा म्हणजे सरासरी गरज. तेवढीच शिफारस केली तर निम्म्या लोकांना ती अपुरी पडेल. म्हणून आकड्यांचा पसरटपणा, म्हणजे प्रमाणविचलन, मोजतात आणि सरासरीत त्याची दुप्पट मिळवतात. असं केलं की शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांची गरज भागते. भारताच्या २०२० च्या तक्त्यात प्रौढ स्त्रीची फोलेटची सरासरी गरज १८० मायक्रोग्रॅम धरली आहे आणि शिफारस २२० आहे. पुरुषाची सरासरी २५०, शिफारस ३००. म्हणजे सरासरीवर सुमारे वीस टक्के. यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. एखाद्या बाईच्या जेवणात २२० ऐवजी १९० आढळलं, तर तिला फोलेट कमी पडतंच आहे असं म्हणता येत नाही. तिची स्वतःची गरज १६० असू शकते. शिफारस गटासाठी केलेली असते, आणि ती मुद्दाम बहुतेकांच्या गरजेपेक्षा जास्त असते. रक्ताचा रिपोर्ट आणि पुड्यावरचे टक्के यांची गल्लत इथेच होते.

शिवाय आकडा स्थिर राहिलेला नाही. अमेरिकेने १९८९ मध्ये तो ४०० वरून पुरुषांसाठी २००, स्त्रियांसाठी १८० वर आणला. पाहण्यांत दिसलं होतं की लोक साधारण तेवढंच खातात आणि त्यांच्या यकृतातला साठाही ठीक असतो. मग जास्त कशाला सांगायचं? हा युक्तिवाद चुकीचा नव्हता. त्यात विचारलेला प्रश्न रक्तक्षयाचा होता आणि रक्तक्षय टाळायला १८० पुरेसं होतं.

दोन वर्षांत प्रश्नच बदलला. जुलै १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांत केलेल्या चाचणीचा निकाल जाहीर केला. आधीचं मूल मेंदू-मणक्याचा दोष घेऊन जन्मलेल्या बायकांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, आणि तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फायदा इतका उघड होता की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. विल्सबाईंच्या अहवालाला तेव्हा बरोबर साठ वर्षं झाली होती. त्या स्वतः १९६४ मध्येच गेल्या होत्या. १९९८ साली अमेरिकेचा आकडा परत ४०० वर गेला. या वेळी हिशेबाचं एककही नवं होतं. गोळीतलं फॉलिक ॲसिड अन्नातल्या फोलेटपेक्षा जास्त शोषलं जातं, म्हणून उपाशीपोटी घेतलेला गोळीचा एक मायक्रोग्रॅम अन्नातल्या दोन मायक्रोग्रॅमच्या बरोबरीचा धरू लागले.

मला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पक्की वाटते. किती लागतं, याचं उत्तर कशासाठी लागतं यावर ठरतं. रक्तक्षय टाळायचा, साठा राखायचा, की बाळाचा मणका नीट मिटावा हे पाहायचं? तिन्ही प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत, आणि कोणता प्रश्न धरायचा हे समितीच्या टेबलाभोवती बसलेली माणसं ठरवतात. मोजमाप शास्त्राचं असलं तरी निवड माणसांची असते. आपल्याकडे १९९० च्या सुमारास प्रौढांसाठी १०० मायक्रोग्रॅम ही शिफारस होती, २०१० मध्ये ती २०० झाली, आणि २०२० मध्ये वर सांगितलेले आकडे आले. गरोदर स्त्रीसाठी आज ५७०. या वीस-तीस वर्षांत आपली शरीरं बदललेली नाहीत. मोजण्याच्या पद्धती बदलल्या आणि विचारलेले प्रश्न बदलले.

आशाताई गरोदर बाईला देतात त्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायची असते आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. ही मात्रा जेवणातल्या गरजेची नाही; ज्या समाजात रक्तक्षय घरोघरी आहे तिथली ती तटबंदी आहे. गर्भाच्या मणक्याची नळी मात्र पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं कळायच्याही आत. म्हणून पहिल्या तीन महिन्यांसाठी, आणि शक्यतो त्याच्याही आधीपासून, नुसत्या फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी सांगतात. शिरगावात काय किंवा परळात काय, लग्न झालेल्या मुलीला ही दुसरी गोळी वेळेवर सांगणारं कोणी भेटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एवढं स्वस्त आणि एवढं सिद्ध झालेलं औषध वैद्यकात फार थोडं आहे.

पण जास्त घेतलं तर काय? फॉलिक ॲसिडला वरची मर्यादाही आहे, प्रौढांसाठी दिवसाला १००० मायक्रोग्रॅम, आणि तिचं कारण विल्सबाईंच्या त्या दोन वेगळ्या गोष्टींतच दडलेलं आहे. बी-१२ कमी असलेल्या माणसाला फॉलिक ॲसिड भरपूर दिलं की रक्त सुधारतं, रिपोर्ट चांगला येतो, आणि आतल्या आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हे १९४० च्या दशकातच पर्निशस ॲनिमियाच्या रोग्यांत दिसलं होतं. शाकाहारी किंवा जवळपास शाकाहारी लोकांच्या देशात ही गोष्ट पुस्तकात ठेवून चालत नाही, कारण बी-१२ वनस्पतीत नसतं. ते दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं.

हा धागा पुढे नेला तो पुण्याने. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या काय खातात, किती राबतात, त्यांच्या रक्तात काय आहे आणि त्यांची बाळं कशी वाढतात, हे सगळं. त्यांतल्या बहुसंख्य बायकांत बी-१२ कमी निघालं. फोलेटची कमतरता मात्र क्वचित होती. २००८ साली त्यांनी सहा वर्षांच्या मुलांचे निष्कर्ष मांडले. ज्यांच्या आयांचं गरोदरपणात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्शुलिनला प्रतिरोध सर्वांत जास्त होता. पुढे मधुमेहाकडे नेणारी ही वाट आहे. तक्त्यात प्रत्येक जीवनसत्त्व आपापल्या ओळीत एकटं असतं. शरीरात ती जोडीने काम करतात. एकाचा आकडा दुसऱ्याला विचारल्याशिवाय ठरवू नये, असं पुण्याच्या या गावांनी जगाला सांगितलं. २०२० च्या भारतीय तक्त्यात बी-१२ ची शिफारस आधीच्या १ मायक्रोग्रॅमवरून दुपटीपेक्षा जास्त झाली.

त्या अभ्यासातली मुलं मोठी झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांच्यातल्याच वयात आलेल्या मुलामुलींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात झाली, काहींना नुसतं, काहींना इतर सूक्ष्म पोषकांसोबत. गोळी लग्नाआधी सुरू केली आणि पहिलं बाळंतपण होईपर्यंत चालू ठेवली. मात्रा औषधासारखी मोठी न ठेवता रोजच्या जेवणातून मिळावी एवढीच ठेवली होती. आईच्या रक्तातल्या आणि बाळाच्या नाळेच्या रक्तातल्या पातळ्या त्यातून मोजल्या गेल्या, त्या बाळांची बौद्धिक वाढही तपासली गेली. ज्यांच्या आज्या १९९३ मध्ये या अभ्यासात आल्या, त्या बाळांच्या नोंदी आता पुण्यातल्या त्याच वह्यांत होत आहेत.